कोऱ्या पट्टीवरचे आकडे

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांवरच्या नंबरांबद्दल विदर्भातल्या गावांमधून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरातल्या जुन्या ट्रंकेत सदतीस तबकड्या निघाल्या. लेबलवर एक नंबर छापलेला आहे आणि लेबलच्या बाहेर काळ्या भागात खरवडल्यासारखा दुसराच नंबर दिसतो. शिवाय दोन्ही बाजूंचे हे खरवडलेले नंबर वेगवेगळे. यादी करायची आहे, तर खरा नंबर कोणता धरायचा?
– एक वाचक, परतवाडा

दोन्ही खरे आहेत. फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे नंबर आहेत.

लेबलवरचा नंबर विक्रीचा. दुकानदार कंपनीकडे मागणी नोंदवायचा ती या नंबरावर, म्हणून तो तबकडीच्या दोन्ही बाजूंना सहसा एकच असतो. त्याला कॅटलॉग नंबर म्हणतात. शेवटची खाच संपते तिथून लेबलच्या काठापर्यंत जी गुळगुळीत कोरी पट्टी असते, तिच्यातला नंबर साच्याचा. तो मॅट्रिक्स नंबर. प्रत्येक बाजूचा साचा वेगळा, म्हणून नंबरही वेगळे. दोन बाजूंचे नंबर लागोपाठचे असतील तर दोन्ही गाणी बहुधा एकाच बैठकीत किंवा पाठोपाठ ध्वनिमुद्रित झालेली असतात. नंबरांत शेकड्यांचं अंतर असेल तर वेगवेगळ्या वेळची दोन गाणी नंतर एका तबकडीवर जोडली, असा अंदाज बांधता येतो. जुन्या नाट्यपदांच्या आणि भजनांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांचा काळ लावताना हा धागा फार उपयोगी पडतो.

यादीत दोन्ही नंबर लिहा, आणि मॅट्रिक्स दोन्ही बाजूंचा लिहा.

वाचायची पद्धत अशी. तबकडी टेबलावर मऊ सुती कपड्यावर ठेवा. खोलीत अंधार करा आणि मोबाइलची बॅटरी वरून न धरता बाजूने, तबकडीला जवळजवळ टेकवून धरा. उजेड आडवा पडला की कोरलेल्या अक्षरांची सावली उठते. वरून पाडला की सगळं एकसारखं चमकतं आणि काहीच दिसत नाही. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड जागेवर ठेवून तबकडीच हळूहळू फिरवा. दहा पट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग मिळालं तर उत्तम. ठोक्याने उमटवलेला खोल नंबर असेल तर पट्टीवर पतंगाचा पातळ कागद ठेवून टूबी पेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवा, आकडे पांढरे उमटतात. हाताने सुईने कोरलेली बारीक अक्षरं या पद्धतीने येत नाहीत, त्यांच्यासाठी फोटोच हवा. खडू किंवा टाल्कम पावडर भरून आकडे वाचायची एक जुनी सवय आहे, ती सोडा. पावडर शेजारच्या खाचेत जाते आणि पुढच्या वेळी सुईखाली तीच घासते.

मुख्य नंबर स्वतःच्या पोटाकडे, म्हणजे घड्याळात सहा असतात तिथे आणा. मग नऊ, बारा आणि तीनच्या जागी काय आहे ते पाहा. तिथे बऱ्याचदा एकटंच अक्षर किंवा एकटाच आकडा असतो आणि नवखा माणूस तो ओरखडा समजून सोडून देतो. दिसेल ते तसंच्या तसं उतरवा : मधली रेघ, टिंब, पुढचं-मागचं अक्षर, नंबर हाताने कोरला आहे की ठोकला आहे, खोल आहे की वर आला आहे. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि रोमन एक, एक आणि सात यांत गफलत होते. शंका असेल तर दोन्ही शक्यता लिहा. एखादा नंबर रेघ मारून खोडलेला आणि शेजारी दुसरा लिहिलेला असेल तर खोडलेलाही लिहून ठेवा. मूळ थाळीवर खाच कापताना नंबर चुकला किंवा तोच कट (कापलेली खाच) दुसऱ्या नंबराखाली काढायचं ठरलं, याची ती खूण असते.

प्रश्न : काकांनी मुंबईहून आणलेली एक इंग्रजी लाँगप्ले (बरीच गाणी असलेली मोठी तबकडी) आहे. कोऱ्या पट्टीत नंबराच्या शेवटी "१एन" आहे. विकत घ्यायला आलेल्या माणसाने आधी "ही फर्स्ट प्रेस आहे" म्हणजे पहिल्या दाबणीची, म्हणून मोठी किंमत सांगितली, मग लेबल पाहून एकदम दहावा भाग सांगितला. खरं काय?
– एक वाचक, आर्वी

लेबलवर "मेड इन इंडिया" किंवा कलकत्त्याचं नाव आहे का पाहा. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून असावं. तसं असेल तर त्या माणसाची दुसरी किंमत खरी असण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

तबकडी चार टप्प्यांनी होते. ॲल्युमिनियमच्या थाळीवर लॅकरचा थर असतो, त्यावर कटिंग मशीन खाच कापतं आणि तिथला इंजिनिअर कोऱ्या पट्टीत नंबर घालतो. या लॅकरवर धातूचा मुलामा चढवून काढलेली उलटी प्रत म्हणजे फादर. फादरवरून सुलटी प्रत काढतात ती मदर. मदरवरून पुन्हा उलटी प्रत, ती स्टॅम्पर. स्टॅम्पर दाबयंत्रात बसतो आणि तबकड्या दाबतो. एक स्टॅम्पर साधारण हजारभर तबकड्या दाबून झिजतो. तो टाकून मदरवरून नवा काढतात.

आता "१" कशाचा? तो पहिल्या लॅकरचा, म्हणजे पहिल्या कटाचा. पहिल्या दाबणीचा नव्हे. फादर आणि मदर कपाटात जपून ठेवलेल्या असतात. पंधरा वर्षांनी मागणी आली तर त्याच मदरवरून नवा स्टॅम्पर काढतात आणि नव्या तबकडीवरही तोच "१" येतो. उलटही घडतं. पहिला आणि दुसरा कट तपासणीत नापास झाला तर बाजारात गेलेल्या अगदी पहिल्या प्रतीवर "३" असतो. म्हणून नुसता "१" पाहून फर्स्ट प्रेस म्हणणं चूक, आणि "३" पाहून नाही म्हणणंही चूक.

ईएमआय या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या इंग्लंडमधल्या हेझच्या कारखान्यात याच्या पुढची खूणही ठेवत. मुख्य नंबर सहाच्या जागी, मदरचा आकडा नऊच्या जागी आणि स्टॅम्परची अक्षरं तीनच्या जागी. स्टॅम्परचा नंबर आकड्यांत नसून अक्षरांत लिहीत, आणि ती अक्षरं "ग्रामोफोन लिमिटेड"च्या इंग्रजी स्पेलिंगातून घेतलेली : जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. नऊच्या जागी २ आणि तीनच्या जागी "जीओ" असेल तर दुसरी मदर, पंधरावा स्टॅम्पर. नऊला १ आणि तीनला नुसता "जी" असेल तर ती प्रत खरोखर सुरुवातीची. डेक्का कंपनीने हीच युक्ती "बकिंगहॅम" या शब्दावर केली : बी १, यू २, सी ३, के ४, आय ५, एन ६, जी ७, एच ८, ए ९, एम शून्य. कोणता तक्ता लावायचा हे कंपनी पाहून ठरवा. "जी" हे अक्षर दोन्हीकडे आहे आणि ते ईएमआयमध्ये १, डेक्कात ७ आहे. ही चूक जाणकारांकडूनही होते.

मुख्य नंबराच्या पुढची अक्षरंही बोलतात. ईएमआयच्याच पार्लोफोन या नावाने निघालेल्या त्या काळच्या इंग्लंडमधल्या तबकड्यांवर "एक्सईएक्स" असेल तर १२ इंची मोनो (दोन्ही स्पीकरवर एकच आवाज) लाँगप्ले, "वायईएक्स" असेल तर स्टिरिओ (दोन्हींवर वेगळा आवाज). "७एक्ससीई" म्हणजे ७ इंची सिंगल, "७टीसीई" म्हणजे ७ इंची ईपी, सिंगलपेक्षा जास्त गाण्यांची.

तुमच्या तबकडीची गोष्ट इथे येते. इंग्लंडमध्ये कापलेल्या गाण्यांचे धातूचे साचे कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात पाठवत आणि तिथे त्यावरून तबकड्या दाबत. त्यामुळे दमदमच्या तबकडीत इंग्रजी मॅट्रिक्स जसाच्या तसा दिसू शकतो. कट इंग्लंडचा, दाबणी भारताची. मॅट्रिक्स कट सांगतो, कुठे दाबली ते लेबल सांगतं. घेणाऱ्याने आधी फक्त मॅट्रिक्स पाहिला होता. पण एक गोष्ट त्याला ठणकावून सांगता येईल : इंग्लंडच्या साच्यावरून दाबलेली चांगल्या अवस्थेतली दमदमची प्रत ऐकायला कमी नसते.

प्रश्न : माह्या आजेसासऱ्याच्या पेटीत एक जड तबकडी हाय. एकाच बाजूनं गानं हाय, मांगच्या बाजूले पंखवाल्या देवदूताचं चित्र उमटलेलं हाय. गानं झाल्यावर बाई इंग्रजीत नाव सांगते. किती जुनी असन? वाजवावं का?
– एक वाचक, दारव्हा

ताई, ही तबकडी आज वाजवू नका. आधी सांभाळून ठेवा.

ग्रामोफोन कंपनीचे (हीच पुढची एचएमव्ही) ध्वनिमुद्रण करणारे फ्रेड गायस्बर्ग १९०२ साली कलकत्त्याला आले आणि त्यांनी गायिका गौहर जान आणि इतर कलावंतांचं गाणं मुद्रित केलं. मेणाच्या मूळ चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथे तबकड्या दाबून परत येत. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी कलावंत स्वतःचं नाव बोलून दाखवत. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला १९०८ साली, आणि दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या तबकड्याही त्याच सुमाराच्या. बसून लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत ही कंपनीची, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या आधीची मुद्रा. इंग्लंडमध्ये लेबलवर कुत्रा आला १९०९ च्या सुमारास.

म्हणजे लेबलवर हॅनोव्हर असेल, मागे देवदूत असेल आणि शेवटी नाव बोललेलं असेल तर तबकडी १९०२ ते १९०८ या काळातली धरायला हरकत नाही. नुसती एकाच बाजूची आहे एवढ्यावर मात्र ठरवू नका. मोठ्या गवयांच्या महागड्या एकतर्फी तबकड्या कंपनी पुढेही बरीच वर्षं काढत होती. लेबलच्या काठाशी नंबराच्या मागे एखादं बारीक इंग्रजी अक्षर आहे का तेही पाहा. त्या काळी हे अक्षर मुद्रण करणारा तज्ज्ञ कोण आणि तबकडी किती इंची, हे सांगत असे. दोन्ही बाजूंचे फोटो, लेबल आणि नंबर स्पष्ट येतील असे काढून ठेवा.

वाजवायचीच असेल तर चावीच्या फोनोवर नको. त्याच्या जड डोक्याखाली लोखंडी पिन प्रत्येक वेळी थोडी खाच खाते. विजेच्या प्लेयरवर ७८ ची वेगळी सुई, म्हणजे साधारण तीन हजारांश इंच टोकाची, लावून एकदाच वाजवा आणि त्याच वेळी मोबाइलवर मुद्रण करा. लाँगप्लेची सुई त्याच्या चौथाईएवढ्या टोकाची असते. ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते, खरखर वाढते आणि सुईही जाते. गाणं पातळ, चिरक्या आवाजात आलं तर घाबरू नका. त्या काळच्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ नसायचा, थोडा कमी करून पाहा.

प्रश्न : नंबर नीट दिसावा म्हणून स्पिरिटने पुसलं तर कापूस काळा झाला आणि तबकडीची चमकच गेली. असं का झालं?
– एक वाचक, देवरी

कारण ती तबकडी लाखेची होती. तुमच्या भागातल्या पळसावर जो लाखेचा किडा बसतो, त्याच्याच लाखेपासून शेलॅक बनतं आणि १९५० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक तबकड्या त्याच्याच. लाख चौथाईच्या आसपास किंवा त्याहून कमी, बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करताना हेच करतो. तुमच्या बोळ्यावर आलेला काळा रंग घाणीचा नव्हता, तबकडीचाच होता. तो भाग परत येत नाही. त्या बाजूवर आता काहीच लावू नका.

पुसण्याआधी तबकडी कशाची आहे ते ओळखा. लाखेची तबकडी जाड, जड असते, नखाने काठावर टिचकी मारली तर खणखणीत वाजते आणि पडली की फुटते. विनाइल थोडं वाकतं आणि आवाज बद्द येतो. वाकवून पाहू नका, टिचकीच पुरे.

लाखेसाठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, आणि खाचेच्या दिशेने गोल हात. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून उभी करून सावलीत वाळवा. लेबलवर दह्याच्या डब्याचं झाकण धरा, म्हणजे ते भिजत नाही. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातला क्षार वाळला की खाचेत पांढरा बसतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला टकटक वाजते. विनाइलवर मात्र एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर चालतं.

प्रश्न : काही ७८ च्या तबकड्यांवर नंबरानंतर लहान त्रिकोण आहे, काहींवर चौकोन. हे कारखान्याचं चिन्ह का?
– एक वाचक, उमरेड

कारखान्याचं नाही, ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीचं. १९२५ च्या आधी गवई कर्ण्यात गात आणि आवाजाच्या जोरानेच सुई हलायची. नंतर मायक्रोफोन आला. एचएमव्हीवर त्रिकोण म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीची पद्धत. चौकोन म्हणजे १९३१ च्या सुमारास आलेली, इंग्रज इंजिनिअर ॲलन ब्लुमलाइन यांनी बनवलेली कंपनीची स्वतःची पद्धत. कोलंबिया या दुसऱ्या कंपनीने त्याच दोन पद्धतींसाठी वर्तुळात डब्ल्यू आणि वर्तुळात सी अशी अक्षरं वापरली. त्रिकोण किंवा चौकोन असेल तर गाणं १९२५ च्या आधीचं नाही, एवढं तरी पक्कं होतं. १९३१ मध्ये एचएमव्ही आणि कोलंबिया एकत्र येऊन ईएमआय झाली.

प्रश्न : एकाच तबकडीचं लेबल एका काळाचं, कव्हर दुसऱ्या काळाचं आणि मॅट्रिक्स तिसऱ्याच काळाचा निघतो. साल काय लिहावं? शिवाय एचएमव्हीच्या लाँगप्लेवरच्या "ईएएलपी", "ईएएसडी" अशा अक्षरांचा अर्थ काय, आणि स्टिरिओ लिहिलं असूनही दोन्ही स्पीकरवर सारखाच आवाज का येतो?
– एक वाचक, पुसद

कव्हर सोडून, तबकडीवरची आणि मूळ लेबलवरची सगळ्यांत नवी खूण पाहा. तबकडी त्या खुणेच्या आधीची असूच शकत नाही. मॅट्रिक्स जुना असणं स्वाभाविक आहे, कारण साचा कपाटात पडून असतो. छापलेली लेबलं गठ्ठ्याने उरलेली असत आणि संपेपर्यंत वापरली जात, त्यामुळे लेबलही तबकडीपेक्षा जुनं असू शकतं. कव्हर तर सगळ्यांत कमी भरवशाचं, कारण तबकड्या एका कव्हरातून दुसऱ्यात सहज जातात. म्हणून यादीत एकच साल लिहू नका. "कट अमुक काळाचा, दाबणी अमुक सालानंतरची" असं लिहा.

लेबल मूळचं आहे का, हेही तपासा. कारखान्यात लेबल डिंकाने चिकटवत नाहीत. ते दाबयंत्रात तबकडीबरोबरच उष्णतेने दाबलं जातं आणि पृष्ठभागाशी एकजीव होतं. नखाखाली लेबलची कड उचलली जात असेल तर ते नंतर कुणीतरी लावलेलं आहे. मग त्याच्याकडे दुर्लक्ष करून मॅट्रिक्सवर भर द्या. या बाबतीत मॅट्रिक्सइतका भरवशाचा साक्षीदार नाही, कारण तो तबकडीच्या अंगातच असतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल : एचएमव्हीच्या भारतीय लाँगप्लेवरचं "ईएएलपी" आणि "ईसीएलपी" मोनोचं, "ईएएसडी" आणि "ईसीएसडी" स्टिरिओचं. इंग्लंडमधल्या एएलपी, सीएलपी, एएसडी, सीएसडी या मालिकांच्या आधी ई जोडून ही अक्षरं झाली. स्टिरिओ लिहिलेल्या तबकडीतून दोन्ही स्पीकरवर अगदी सारखाच आवाज येत असेल तर आधी प्लेयरची कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) मोनो नाही ना ते पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या प्लेयरना ती मोनोच असायची.

प्रश्न : बीटल्सचं नाव असलेली पार्लोफोनची तबकडी आहे, पण ७८ ची आणि लाखेची. नकली असणार ना?
– एक वाचक, मूल

नकलीच असेल असं नाही. इंग्लंडमध्ये तोवर ७८ बंद झाल्या होत्या, पण वीज न पोहोचलेल्या आपल्या गावांत चावीचे फोनो चालू होते. त्यांच्यासाठी दमदमला १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ७८ निघत राहिल्या, आणि त्यांत बीटल्सचीही गाणी होती. जगभरचे संग्राहक या तबकड्या शोधतात, म्हणूनच नकली प्रतीही फिरतात. टिचकी मारून लाख आहे ना ते पाहा, लेबलची कड तपासा, आणि कोऱ्या पट्टीत नंबर आहे का पाहा. पट्टी अगदी कोरी असेल तर पैसे मोजू नका. विकायची असेल तर दोन्ही बाजूंच्या नंबरांचे आडव्या उजेडातले फोटो आधी काढा आणि घेणाऱ्याला तेच दाखवा. तबकडी हातातून सोडू नका.

प्रश्न : यादीचा नंबर तबकडीवरच, कोऱ्या पट्टीत मार्करने लिहिला तर चालेल?
– एक वाचक, चिखली

नाही. मार्करची शाई मॅट्रिक्सच्या कोरीव अक्षरांत भरते आणि ती काढायला लागणारा द्रव लाखेला मारतो. नंबर आतल्या कागदी पाकिटावर पेन्सिलने लिहा, तबकडी आत घालण्याआधी. पाकिटात तबकडी असताना लिहिलं तर पेन्सिलीचा दाब खाचांवर येतो. पाकिटं उभी ठेवा, टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नका, आणि पावसाळ्याआधी पेटीच्या तळाला उधई लागली नाही ना ते पाहा, कारण ती आधी कागद खाते आणि कागदाबरोबर तुमचे सगळे नंबर जातात. यादीची एक प्रत वहीत वेगळी ठेवा.